ऑकलंडला जायचं ठरलं

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

सिंगापूर सोडून ऑकलंडची नोकरी मी घेतली. कागदांवर सहीही झाली. फोनवर सांगितलं असतं तर आई "बरं बरं, तुझं तू बघ" म्हणाली असती आणि बाबा गप्प झाले असते, म्हणून लिहितेय.

बाबा, तुम्ही नकाशावर पट्टी ठेवणारच, तेव्हा आधीच सांगते. मुंबई-सिंगापूर सुमारे 3,900 किलोमीटर, तिथून ऑकलंड आणखी 8,400. थेट विमान नाही. पहिला टप्पा साडेपाच तास, दुसरा पावणेदहाच्या आसपास, मधे सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तीन-चार तास. परतताना वारा समोरून येतो, म्हणून तासभर जास्त. म्हणजे वीस तास धरा. सांगली-मुंबई रात्रभर गाडीत अवघडून काढता, ते कुणी मोजत नाही!

नानांच्या वेळी मी संध्याकाळचं विमान धरून सकाळी दारात होते. आता एक दिवस जास्त लागेल. ते मला ठाऊक आहे, आणि सही करताना तेच डोक्यात होतं. पण इथे वर्क पास संपत आला की दर वेळी तीच धाकधूक, घरभाडं वेगळंच. तिथे कायमचं राहता येईल, ईराची शाळा चालत जाण्याइतकी जवळ. दादा पुण्यात आहे म्हणूनही धीर आला, खोटं कशाला बोलू.

तुम्ही डिसेंबरात या, तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. तुमची खोली खालीच, जिने नाहीत. ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम भागात आपल्या किराण्याची दुकानं आहेत, भाकरीचं पीठ मिळेल.

आई, मिरज स्टेशनवर तू माझ्या फ्रॉकच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायचीस आणि वर पिन लावायचीस. आता तशी चिठ्ठी तुम्हा दोघांच्या खिशात मी ठेवणार. हसू नका. व्हीलचेअर मी तिकिटातच मागून ठेवेन, "आम्ही काय म्हातारे आहोत का" चालणार नाही. बाबांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, बॅगेत नाही. पायांत घट्ट मोजे, आणि अधूनमधून उठून फेऱ्या मारायच्या. तुळशीचं बी पुडीत बांधून आणू नकोस, मधही नको. खाण्याचं जे असेल ते फॉर्मवर लिहायचं. लपवलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो.

आणि फोन. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे पहाटेचे साडेतीन, सप्टेंबर संपताना तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, मग तर साडेचार. त्यामुळे आता सकाळी सातला, चहा झाला की. तेव्हा माझी जेवणाची सुट्टी असेल. मात्र बरं वाटत नसेल तर वेळ बघायची नाही, पहाटे तीनलाही उठवायचं. बाबा, हे तुमच्यासाठी आहे.

रक्ताचा रिपोर्ट दादाला पाठवलात, मला नाही. आजच पाठवा.

तुमची,
मनू