गुरुवारनंतर साडेपाच तास चुकणारा चार्जर : चौथी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : घरी बसवलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या स्मार्ट चार्जरचे वेळापत्रक वीज गेल्यावर बिघडण्याबाबत

महोदय/महोदया,

आधीच्या तिन्ही तक्रारी बंद करताना तुमच्याकडून एकच उत्तर आलं : 'आपली समस्या यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.' ती सुटलेली नाही, म्हणून हे सविस्तर पत्र. थोडं लांबेल, पण आता तुमचं काम मीच अर्धं करून पाठवते आहे.

मी पुण्यात डबे पुरवते. सकाळी साडेसहा ते साडेआठ एक फेरी आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ दुसरी. मधला सगळा वेळ गाडी पार्किंगमध्ये उभी असते. आमच्याकडे टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) आहे आणि १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत मिळते. म्हणून गेल्या दिवाळीत साध्या चार्जरऐवजी तुमचा वेळ लावता येणारा चार्जर घेतला. ॲपमध्ये ९ ते ४ अशी वेळ टाकली. घराचा मंजूर भार ५ किलोवॅट, त्यामुळे तुमच्याच माणसाने करंटची मर्यादा १० अँपिअरवर बांधून दिली. त्याने नीट समजावूनही सांगितलं होतं : चार्जर गाडीत वीज ढकलत नाही, पायलट तारेवरून, म्हणजे केबलमधल्या सूचना देणाऱ्या तारेवरून, 'इतकीच घे' असं गाडीला सांगतो आणि गाडी तेवढी घेते. माणूस चांगला होता. पुन्हा कधी आला नाही.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि दुपारी आली. गुरुवारी वीज जाणं आम्हा पुणेकरांना नवीन नाही, त्याबद्दल माझी तक्रारही नाही. त्या रात्री आठला फेरीवरून आले, नेहमीप्रमाणे गाडीला प्लग लावला आणि वर आले. चार्जिंग दुसऱ्या दिवशी नऊला सुरू व्हायचं होतं, ते लगेच सुरू झालं आणि तेही पूर्ण ३२ अँपिअरने. म्हणजे जवळपास साडेसात किलोवॅट. वर ग्राइंडरमध्ये दुसऱ्या दिवशीच्या इडलीचं पीठ फिरत होतं. दहा-बारा मिनिटांत मेन पडला. अंधारात मोबाइलच्या उजेडात अर्धवट वाटलेलं पीठ हाताने काढलं, तेव्हा तुमच्या कंपनीबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पहिल्या तक्रारीनंतर तुम्ही अपडेट पाठवलंत आणि करंटची मर्यादा आता वीज गेल्यावरही टिकते. हे श्रेय तुमचं. पण वेळेचा घोळ तसाच आहे.

दुसऱ्या तक्रारीवर 'ॲप काढून पुन्हा टाका' असं सांगितलं गेलं. टाकलं. काही फरक नाही. तिसऱ्या वेळी फोनवरच्या मुलाने सुचवलं, 'मॅडम, गाडीतही टायमर असतो, तोही ९ ते ४ लावून ठेवा.' इथे खरी वाट लागली. शनिवारी संध्याकाळी ४५ डबे भरून खाली आले तर बॅटरी १८ टक्के. गुरुवारी पुन्हा वीज गेली होती, तेव्हापासून दिवसाला जेमतेम दीड तास चार्जिंग होत होतं आणि कामाच्या गडबडीत माझं लक्ष गेलं नव्हतं. दोन रिक्षा करून डबे पोचवले. काही घरी आठऐवजी नऊला पोचले.

मग रविवारी बसून हिशोब केला. मीटरचा तासातासाचा वापर मोबाइलवर दिसतो, तो आणि तुमच्या ॲपमधली नोंद शेजारीशेजारी ठेवली. तुमचं ॲप म्हणतं, चार्जिंग सुरू ०९:००, बंद १६:००. मीटरच्या आलेखात मात्र वापर दुपारी अडीचला वर चढतो. गाडीतला टायमर लावायच्या आधीच्या दिवसांत तो रात्री साडेनऊला खाली येतो. दोन्हीकडे बरोबर साडेपाच तासांचा फरक. माझी दहावीतली मुलगी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती, तिने वर न बघताच सांगितलं, "आई, हे ग्रिनिच आहे."

वीज गेली की तुमचा चार्जर आपण भारतात आहोत हे विसरतो आणि इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या वेळेवर जातो. तिथले नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. तो अडीच ते साडेनऊ वीज देतो, गाडी ९ ते ४ मध्येच घेते. दोघांचं जमतं ते अडीच ते चार एवढाच वेळ. हाच तो दीड तास. ॲपमध्ये जाऊन वेळ पुन्हा जतन केली की पुढच्या वीज जाण्यापर्यंत सगळं ठीक, म्हणूनच तुमच्या माणसांना फोनवर बिघाड कधी सापडत नाही.

सवलतीचं नुकसान फार नाही, हे मीच सांगते. दिवसाला सुमारे १२ युनिट, म्हणजे साडेनऊ-दहा रुपये. त्यासाठी एवढं पत्र लिहिलं नसतं. पण वेळ लावता येते म्हणून जादा पैसे घेऊन विकलेल्या यंत्राला वेळच कळत नसेल, तर त्यापेक्षा साधं सॉकेट बरं. निदान त्याच्यावर कोणी विसंबून राहत नाही.

माझं मागणं असं. वीज गेल्या-आल्यावर चार्जरने भारतीय वेळ आपणहून धरावी, अशी दुरुस्ती १५ दिवसांत करा. ते जमत नसेल तर चार्जर परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या. दोन रिक्षांचं भाडं ४२० रुपये, तेही द्या. आणि माझ्याशी बोलून खात्री केल्याशिवाय ही तक्रार बंद करू नका. मुदतीत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मीटरचा आलेख, ॲपमधल्या नोंदी आणि आधीच्या तिन्ही तक्रारींची तुमची उत्तरं सोबत जोडली आहेत.

माणूस पाठवणार असाल तर सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आत पाठवा. आणि शक्यतो गुरुवारीच.

आपली ग्राहक,
पुणे