उघडा कोन फिल्टर आणि बॉनेटखालची गरम हवा

संपादक महोदय,

गाडीचा मूळ एअर फिल्टरचा डबा काढून अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत नळी आणि उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, डब्याविना बसणारा एअर फिल्टर) बसवला की ताकद वाढते, असे सांगून ही किट विकली जातात. बॉनेटखालच्या उष्णतेबद्दल गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

बहुतेक गाड्यांत मूळ डब्याचे तोंड रेडिएटरच्या वरच्या पट्टीपाशी किंवा हेडलाइटमागे असते, त्यामुळे हवा बाहेरची येते. कोन फिल्टर इंजिनाशेजारी उघडा बसतो आणि रेडिएटरचा पंखा मागे फेकतो तीच हवा ओढतो. एक्स्प्रेसवेवर बॉनेटखालची हवा सतत बदलत असल्याने फरक कमी होतो. खंबाटकी घाटातल्या कोंडीत, एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीत तो सर्वाधिक असतो.

३५ अंशांची हवा ६५ अंशांवर गेली, तर त्याच दाबाला तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. सिलिंडरला ऑक्सिजन तेवढा कमी मिळतो. शिवाय हवा तापलेली दिसली की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो, म्हणजे आणखी घट. एका वेगाने निवांत जाताना हे कळत नाही, कारण थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जरा जास्त उघडून भरपाई होते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की कळते. ताकद वाढल्याचा भास मात्र आवाजामुळे होतो; मूळ डबा तो आवाज दाबतो.

नळीच्या धातूचा बाऊ करू नये. १२०० सीसीचे इंजिन ३००० आरपीएमला, थ्रॉटल पूर्ण उघडे असताना, सेकंदाला सुमारे ३० लिटर हवा घेते. ६० मिमी व्यासाच्या अर्धा मीटर नळीत मावते जेमतेम १.४ लिटर. सेकंदाच्या विसाव्या भागात हवा पार होते, तेवढ्यात ती फारशी तापत नाही. म्हणून नळीला हीट टेप गुंडाळण्याआधी फिल्टरभोवती आडोसा करा. त्याची वरची रबरी कड बंद बॉनेटला टेकली पाहिजे आणि पुढच्या जाळीकडून नळी आत आली पाहिजे. वरून उघडा राहिलेला पत्रा गरम हवा अडवत नाही. फिल्टर बंपरमागे खाली नेला तर हवा थंड मिळते, पण साचलेल्या पाण्यात तो बुडतो आणि सिलिंडरमध्ये पाणी गेले की कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. मुंबई-कोकणात हा प्रकार करूच नये.

मूळ डबाही तपासावा. बंपरच्या कामानंतर पुढची नळी पुन्हा जोडायची राहते, झाकणाची क्लिप तुटलेली असते. मग कंपनीचा डबाही गरम हवाच ओढतो.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे छोटे यंत्र) लावून मोबाइलवर आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहता येते. २० मिनिटे गाडी चालवा, १० मिनिटे एसी चालू ठेवून उभी करा, मग ताशी ६० किमीने निघा. उभे असताना आकडा किती चढला आणि निघाल्यावर किती वेळात उतरला, हे किट बसवण्याआधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी लिहून ठेवा. बॉनेट उघडे ठेवून, समोर मोठा पंखा लावून काढलेला डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दुकानदाराने पुढे केला, तर बॉनेट बंद करून घेतलेला आकडा त्याच्याकडे मागा.

– एक ऑटोमोबाइल अभियंता, चिंचवड