आधी गोळ्यांची पिशवी उघडा

महोदय,

खुब्याचे हाड मोडल्यानंतर ज्येष्ठांना पुन्हा चालते करण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. व्यायाम, वॉकर, न्हाणीघरातला दांडा, सगळे नीट आले आहे. औषधांबद्दल मात्र चकार शब्द नाही. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते आणि माझा निम्मा झगडा गोळ्यांशीच असतो, म्हणून हे पत्र.

‘आजोबा मनावरच घेत नाहीत,’ असे घरचे सांगतात. सकाळी जाऊन पाहावे तर आजोबा बसल्या जागी पेंगत असतात, कारण रात्रीची झोपेची गोळी अजून उतरलेली नसते. (डायझेपाम तर उतारवयात अंगात कित्येक दिवस रेंगाळते.) कुणी खुर्चीतून उठताच पांढरेफटक पडतात, हात टेबलाची कड चाचपू लागतो. अशा वेळी मी आडवे असतानाचा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतला रक्तदाब मोजते. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर पायांना दोष देण्याआधी रक्तदाबाच्या नाहीतर प्रोस्टेटच्या गोळीवर संशय घ्यावा.

चक्करेच्या गोळ्यांचे प्रकरण याहून वाईट. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेले असते, ते महिनोन्महिने चालूच राहते. मग पावले घसटतात, हात थरथरतो, चेहऱ्यावरचे भाव जातात. हा पार्किन्सन समजून त्यावर आणखी एक गोळी! वास्तविक मूळ गोळी थांबवली की बहुतेकांची लक्षणे ओसरतात, कधी कधी त्याला महिने लागतात एवढेच. तोवर व्यायामाचे दिवस वाया गेलेले असतात.

वृद्धांना जपून द्यायच्या औषधांची ‘बीअर्स’ यादी 1991 पासून आहे आणि 2023 मध्ये ती पुन्हा सुधारली गेली. म्हणजे माहिती नाही असे नाही. पण हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडाचे वेगळे, लघवीचे वेगळे. सगळ्या गोळ्या एकत्र मांडून बघतो कोण?

रुग्णाला घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर प्रत्येक गोळीसमोर ‘कशासाठी’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने हवेत. घरच्यांनी दुकानातून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांसकट सगळी पिशवी डॉक्टरांपुढे ओतावी. आणि हे पत्र वाचून कुणी मनानेच औषध तोडू नये. रोजची झोपेची गोळी एकदम बंद केली तर झटकेही येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते.

– एक फिजिओथेरपिस्ट