दोन गोळ्या फसल्या म्हणजे उपचार संपले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतल्या लेखातल्या रुग्णाने नैराश्यावरच्या सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या आणि लेखकाने त्याची पाठ थोपटली. वर मथळा ‘गोळ्यांना रामराम’. मथळा फर्मास आहे, वाद नाही. पण खालच्या चौकटीत बारीक अक्षरांत काय छापले आहे, ते पुरवणीतल्या कुणी वाचले होते का? एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅम, तीन आठवडे. मग सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम, जेमतेम महिनाभर. निष्कर्ष : दोन्ही औषधे निकामी.

अहो, निकामी ठरायला आधी ती द्यावी तर लागतात! हे डोस शरीराला सवय व्हावी म्हणून सुरुवातीला देतात. पुढे एस्सिटालोप्राम १० ते २० आणि सर्ट्रालिन ५० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत नेतात (उतारवयात किंवा यकृताचा विकार असल्यास कमी) आणि त्या मात्रेवर सहा ते आठ आठवडे काढतात. पुऱ्या मात्रेवर चार आठवड्यांत तसूभरही फरक नसेल, तर मात्र वाट बघत बसण्यात अर्थ नाही. मात्रा वाढवावी नाहीतर औषध बदलावे. अशी किमान दोन औषधे नीट देऊनही माणूस सावरला नाही, तरच हे नैराश्य उपचारांना दाद देत नाही असे म्हणतात. चौकटीतल्या गृहस्थांचे तर खातेच उघडलेले नाही.

हा कीस पाडतो आहे, कारण अर्धवट दिलेले औषधही कागदावर ‘फसलेले’ म्हणून चढते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार-डी’ या अमेरिकी अभ्यासात पहिल्या औषधावर साधारण एक-तृतीयांश रुग्ण लक्षणमुक्त झाले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर, म्हणजे आधीचे उपचार फसल्यावर पुढचे देताना, हे प्रमाण १३-१४ टक्क्यांवर घसरले. म्हणजे सुरुवातीच्या दोन संधीच सगळ्यात मोलाच्या, आणि त्याच वाया घालवायच्या?

एका दिवसात गोळ्या सोडल्या तर चक्कर, उडालेली झोप, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्याची औषधे यांत अधिक बदनाम. घरच्यांना वाटते आजार उलटला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत पायरीपायरीने मात्रा उतरवली की हा त्रास बराच टळतो. लेखात याबद्दल एक ओळ नाही.

खरोखरच दोन औषधे फसली, तरी तिसरी लिहिण्याआधी पाहायच्या गोष्टी आहेत. गोळ्या नेमाने पोटात जातात का, हे न रागावता विचारावे; रागावून विचारले की उत्तर नेहमी ‘हो’च येते. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासावे. दारू, घोरताना मध्येच अडकणारा श्वास, चालू असलेले स्टिरॉइड किंवा क्षयाचे रिफाम्पिसिन (हे कित्येक औषधांची रक्तातली पातळी पाडते) यांची चौकशी करावी. आणि सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट : पूर्वी कधी झोप कमी, उत्साह अफाट, खर्च बेफाम असे दिवस येऊन गेलेत का? रुग्णाला ते आजारपण वाटलेलेच नसते, म्हणून घरच्यांना विचारायचे. तसे असेल तर तो बायपोलर आजार (मन कधी खोल निराशेत, कधी अतिउत्साहात) असू शकतो आणि उपचारांची दिशाच बदलते.

थोडा फरक पडला असेल, तर औषध न सोडता त्याला दुसऱ्या औषधाची जोड देतात. लिथियम दिल्यास रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रतिलिटर राखावी. तपासणीचे रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनीच द्यावे, नाहीतर आकडा फसवतो. मूत्रपिंड आणि थायरॉईडची तपासणी दर सहा महिन्यांनी. जुलाब-उलट्या झाल्या किंवा परस्पर आयब्युप्रोफेन घेतले की पातळी घातक चढू शकते. अरिपिप्राझोल या दुसऱ्या जोड-औषधाच्या २ ते ५ मिलिग्रॅमनेही काम होते, पण कुणाकुणाचे पाय एका जागी ठरत नाहीत. ती अस्वस्थता नैराश्याची समजून डोस वाढवला की संपलेच. मानसोपचाराची (सीबीटी, म्हणजे विचारांच्या-वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलून करायची पद्धत) जोड गोळीच्या खालोखाल नव्हे, बरोबरीने धरावी. आणि दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीचे गुण लिहून ठेवावेत. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांना, शून्याहून जास्त गुण पडले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. घरात गोळ्यांचा साठा ठेवू नये.

आता छायाचित्राबद्दल. चामडी पट्ट्यांनी जखडलेला, किंचाळणारा माणूस छापून आपण ‘शॉक ट्रीटमेंट’ची ओळख करून दिलीत. ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा नियंत्रित झटका देण्याचा हाच उपचार, आज भूल देऊन, स्नायू सैल करणारे औषध देऊन करतात; आठवड्याला दोन-तीन, एकूण सहा ते बारा वेळा. त्या काळातल्या काही आठवणी पुसल्या जातात, हे खरे आणि ते आधी सांगायलाच हवे. पुढे औषध चालू न ठेवल्यास आजार लवकर परततो, हेही खरे. पण खाणेपिणे सुटलेल्या रुग्णासाठी याहून प्रभावी उपाय क्वचितच असतो. त्याच्या घरच्यांनी आपले चित्र पाहून नकार दिला, तर जबाबदारी कुणाची?

जाता जाता : त्याच पानावर ‘सात दिवसांत मन प्रसन्न’ करणाऱ्या वनस्पतीजन्य कॅप्सूलची पाव पान जाहिरात आहे. घटकांत सेंट जॉन्स वर्ट. ते नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतल्यास सेरोटोनिन सिंड्रोम (शरीरात सेरोटोनिन हे रसायन अति होणे) होऊ शकतो : थरथर, ताप, घाम, गोंधळ. लेख वाचून गोळ्या सोडायच्या आणि शेजारची कॅप्सूल सुरू करायची, अशी सोय आपण एकाच पानावर केलीत. खुलासा छापणार असाल तर त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात छापावा.

आपला,
एक वाचक