नोट उलटून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोटेवर कोणाचे चित्र असावे यावर आपल्या वाचकपत्रांत चाललेला वाद आवडीने वाचतो आहे. कोणी छत्रपती शिवाजी महाराज म्हणतो, कोणी बाबासाहेब, कोणी लक्ष्मी-गणपती. पण सगळे भांडताहेत ते नोटेच्या एकाच बाजूवर. मी मानवतला एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, हिशेब सांभाळतो, दिवसभर नोटा हाताखालून जातात. या वादाच्या धुराळ्यात नोटेवरून दोन गोष्टी, एक शेतकऱ्याचे चित्र आणि दुसरी अंधांसाठीची खूण, गुपचूप गेल्या आणि त्यांच्याबद्दल कोणी ब्रही काढला नाही, त्यासाठी हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर गांधीजी नोटेवर आले, असे दोन पत्रांत वाचले. तसे झाले नव्हते. इंग्रज राजाचे चित्र काढायचे ठरले तेव्हा गांधीजींचे चित्र घ्यावे असा विचार होता, तसे नमुनेही तयार झाले. शेवटी मात्र पसंती पडली ती सारनाथच्या सिंहांना, आणि १९४९च्या एक रुपयाच्या नोटेवर ते आले. गांधीजी नोटेवर पहिल्यांदा दिसले १९६९ साली, जन्मशताब्दीनिमित्त. पुढे १९८७ला पाचशेच्या नोटेवर, आणि १९९६पासून रिझर्व्ह बँकेच्या सगळ्याच नव्या नोटांवर. तो हसरा चेहरासुद्धा कुणा चित्रकाराच्या कल्पनेतला नाही, १९४६च्या एका फोटोतून घेतलेला आहे.

चेहरा बदलणे आपल्या मराठवाड्याला तर मुळीच नवे नाही. सप्टेंबर १९४८पर्यंत इथे निजामाचे राज्य होते आणि बाजारात त्याचाच हाली सिक्का. नाण्यावर चारमिनार, नोटेवर उर्दूच्या जोडीला मराठी, तेलुगू आणि कानडीसुद्धा. इंग्रजी रुपया तो कलदार. सहा कलदारला सात हाली मोजावे लागत. राज्य गेल्यावरही हाली काही वर्षे चालतच राहिला. बाजाराला नोटेवरच्या राजाशी फारसे देणेघेणे नसते, समोरचा ती घेतो की नाही एवढेच तो बघतो.

आता नोट उलटी करा. माझ्या पिढीने हाताळलेल्या नोटा आठवून पाहा. एकाच्या नोटेवर समुद्रातली तेलविहीर 'सागर सम्राट', दोनच्या नोटेवर 'आर्यभट्ट' उपग्रह, पाचच्या नोटेवर ट्रॅक्टर. त्याआधी शंभरच्या नोटेवर हिराकूड धरण होते. मोर होता, कोणार्कचे चाकही होते, नाही असे नाही. पण त्या नोटा हातात घेतल्या की, या देशाला काहीतरी करून दाखवायचे आहे असे वाटायचे. १९९६च्या मालिकेतही पाचच्या नोटेवर शेत नांगरणारा ट्रॅक्टर राहिला, पाचशेवर दांडीयात्रेची माणसे चालत होती, आणि पुढे निघालेल्या हजारच्या नोटेवर संगणकापुढे बसलेली मुलगी होती.

आजची नवी मालिका बघा. दहावर कोणार्कचे चाक, वीसवर वेरूळची लेणी, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. सहाच्या सहा ठिकाणे जागतिक वारसा यादीतली. नोटा देखण्या आहेत, त्यात वाद नाही. पण मागच्या बाजूला काम करणारा माणूस औषधालाही सापडत नाही. आजच्या काळातले एक मंगळयान काय ते होते, तेही दोन हजारच्या नोटेबरोबर मे २०२३मध्ये परत बोलावले गेले.

वीसच्या नोटेवर आपले वेरूळ आहे याचा मला अभिमानच आहे. बौद्ध, हिंदू आणि जैन अशी मिळून ३४ लेणी एका डोंगराच्या अंगाला शेजारी शेजारी; देशाने खिशात बाळगावे असे याहून चांगले चिन्ह कोणते? आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कैलास लेणे आधी कळस आणि मग पाया असे वरून खाली कोरले गेले. खंत एवढीच की जिनिंगवर कापूस घेऊन येणाऱ्या पोरांना नोट उलटी करून 'हे कुठलं रे?' विचारले, तर बहुतेकजण 'दक्षिणेकडचं कायतरी' म्हणतात. आपल्याच मराठवाड्यातले वेरूळ!

माझी तक्रार वेरूळबद्दल नाही, शेतीबद्दल आहे. अलीकडच्या नाण्यांवर धान्याच्या ओंब्या आहेत, वीसच्या नाण्यावरही आहेत, आणि एक रुपयाच्या नव्या नोटेवरही धान्याची नक्षी आहे. म्हणजे शेतीला जागा मिळाली ती चिल्लरीत. एक रुपयाची नोट तर आता आहेराच्या पाकिटाखेरीज कुठे दिसत नाही. शंभर, दोनशे, पाचशेत शेतकऱ्याचे काही नाही.

आणि गंमत अशी की नोट मुळात कापसाचीच असते. आपल्याकडच्या नोटांचा कागद लाकडाच्या लगद्याचा नाही, शंभर टक्के कापसापासून केलेला असतो. म्हणून तर धुण्यात गेलेली नोट वहीच्या कागदासारखी विरघळत नाही, वाळवली की चालते. आमच्या जिनिंगची रुई नोटेच्या कारखान्यात जाते असा माझा दावा नाही. पण परभणी, जालना, बीडच्या रानात बाया वेचणीला जातात, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांच्या शेवांना चरे पडतात, आणि संध्याकाळी किलोवर मोजलेल्या मजुरीची नोट त्याच बोटांनी कनवटीला लावली जाते. त्या नोटेत कापूस आहे आणि नोटेवर मात्र त्याचे एक बोंडसुद्धा नाही. पुढची मालिका काढताना एका नोटेवर कपाशीचे झाड आणि वेचणारी बाई यायला काय हरकत आहे? ट्रॅक्टरच पाहिजे असा माझा हट्ट नाही.

दुसरी गेलेली गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. १९९६च्या मालिकेत वीसच्या नोटेवर समोर उभा आयत होता, पन्नासवर चौकोन, शंभरवर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. छपाई उठावाची, बोट फिरवले की लागायची. ती नक्षी नव्हती, अंध माणसाने नोट ओळखावी म्हणून केलेली खूण होती. नव्या मालिकेत ही खूण शंभर आणि त्यावरच्या नोटांनाच ठेवली. दहा, वीस, पन्नास कोरे. शिवाय जुनी दहाची नोट १३७ मिलिमीटर लांब आणि वीसची १४७, म्हणजे एक सेंटिमीटरचा फरक होता. आता दहाची १२३ आणि वीसची १२९. रुंदी दोघींची सारखीच, ६३. सहा मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या जाडीएवढेसुद्धा नाही.

आमच्या आठवडी बाजारात फुटाणे विकणारे एक अंध काका आहेत. ते नोट दोन बोटांच्या बेचक्यात धरून लांबी अजमावतात, मग दुसऱ्या नोटेवर ठेवून बघतात, आणि तरीही शेजारच्या भाजीवालीला विचारतात, 'मावशे, धाची का इसाची?' रिझर्व्ह बँकेने २०२०मध्ये 'मणी' नावाचे ॲप काढले, फोनचा कॅमेरा धरला की ते नोट किती रुपयांची ते सांगते. काम चांगले आहे. काकांजवळ बटणाचा फोन आहे. अंध माणसाचे रोजचे व्यवहार होतात ते नेमके दहा-वीस-पन्नासमध्ये, पाचशेची नोट त्यांच्या गल्ल्यात कितीदा येणार? छोट्या नोटा लवकर झिजतात, उठाव टिकत नाही, असे कोणी म्हणेल. मग लांबीतला फरक तरी वाढवा.

रिझर्व्ह बँक कायद्याच्या २५व्या कलमाप्रमाणे नोटेचे स्वरूप रिझर्व्ह बँकेचे केंद्रीय मंडळ सुचवते आणि केंद्र सरकार मंजूर करते. तेव्हा चेहऱ्याच्या वादात उतरलेल्या आपल्या खासदारांनी संसदेत एक साधा प्रश्न टाकावा: वीसच्या नोटेवरचा उभा आयत का काढला, आणि तो परत कधी येणार? कपाशीच्या बोंडाचे त्यानंतर बोलू.

आपला,
एक वाचक,
मानवत, जि. परभणी