ठमे, बुधवारच्या आत लिही

जॉर्जिया,
सप्टेंबर, रविवार रात्र

प्रिय ठमे,

आधी शिव्या घालून घे. होळीनंतर मी तुला एक ओळ लिहिलेली नाही, तुझ्या वाढदिवसाला नुसता केकचा स्टिकर टाकला, आणि त्यावर तू जो कोरडा अंगठा पाठवलास तो मला बरोब्बर पोचला. आमच्याकडे सगळे ठीक. आईचं बीपी गोळ्यांवर आहे, बाबांचं वजन बाबांच्या मते उतरलंय. काकूंचा गुडघा कसा आहे? हां, आता मुद्द्यावर येते.

हे मी इथे कुणाला सांगू शकत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणणार, ‘कुणी सांगितलं होतं त्या भानगडीत पडायला?’ घरातल्या मुलींना सांगायची सोय नाही, कारण भानगड त्यांचीच आहे. (घर म्हणजे माझी सोरॉरिटी, कॉलेजातल्या मुलींची संघटना. तू त्याला ‘तुमचं महिला मंडळ’ म्हणतेस ते.) आणि मुख्य म्हणजे लेझीम यातल्या कुणालाच माहीत नाही. तुला माहीत आहे. नीट माहीत आहे.

मी ऑगस्टमध्ये रो गॅमा झाले. तू तेव्हा ‘हे फिजिक्सचं प्रॅक्टिकल आहे का’ विचारलंस आणि मी चिडून फोन ठेवला, म्हणून सांगायचं राहिलंच. वर्ग सुरू व्हायच्या आधीचा आठवडा इथे रशचा, म्हणजे घरांनी नव्या मुली निवडायचा. नव्या मुली रोज घराघरात जाऊन गप्पा मारतात, रात्री घरं आपापली यादी लावतात, मुली आपापली लावतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर कळतं की आज कोणी परत बोलावलंय. दर दिवशी घरं कमी होत जातात. शेवटच्या दिवशी फार तर दोन. अकरावीचा कॅप राउंड आठव, फक्त इथे कॉलेजंही आपला पसंतीक्रम लावतात आणि कटऑफ कुणी छापत नाही.

या मुलींना सांभाळायला प्रत्येक गटाला एक जुनी मुलगी देतात, ती रो गॅमा. काही ठिकाणी तिला ‘पाय काय’ म्हणतात, ‘गॅमा काय’ म्हणतात, हस, हस. तिने तेवढ्या काळापुरतं आपलं घर सोडायचं असतं. म्हणजे खरोखर सोडायचं. इन्स्टावरचे घरातले सगळे फोटो लपव, घराच्या नावाचे टीशर्ट ट्रंकेत टाक, रस्त्यात स्वतःची रूममेट भेटली तरी ओळख दाखवू नकोस. तुझं घर कुठलं हे तुझ्या गटातल्या मुलींना कळता कामा नये, म्हणजे तुझा सल्ला निःपक्षपाती. घराच्या मतदानातही आपण नसतो. कोणाला ठेवलं, कोणाला कापलं, आपल्याला पत्ता नाही.

काम काय? हमाली. खांद्याला एक पोतं: सेफ्टी पिना, बँडेड, मिंटच्या गोळ्या, डिओ, हातपंखे, रडण्यासाठी टिश्यू. जॉर्जियातला ऑगस्ट म्हणजे आपला ऑक्टोबर हीट आणि मुंबईचा घाम एकत्र. त्यात या पोरी उंच टाचा घालून टेकडी चढतात. दारात पोचलं की दार धाडकन उघडतं आणि आतून साठ-सत्तर मुली टाळ्या वाजवत एका सुरात ओरडतात. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं आग लागली. आत प्रत्येकीला एक ताई मिळते, चार-पाच मिनिटं बोलते, मग मागून दुसरी येऊन खांद्याला हात लावते आणि पहिली सटकते. बोलायचं काय, यापेक्षा काय नाही तेच मुलींना आधी पढवतात: मुलगे, दारू, पैसा, राजकारण आणि धर्म. उरलं काय? कुत्री. सगळ्या जणी कुत्र्यांबद्दल बोलतात.

माझ्या गटात एक गुजराती मुलगी होती. नाव सांगायचं नाही असा नियम आहे आणि तो मला पटतो, म्हणून तिला चिमणी म्हणू. आईवडिलांचं हायवेवर मोटेल, गाव एवढंसं. सुट्टीत काय केलंस असं पहिल्याच दिवशी एका घरात विचारलं, तर हिने सांगितलं की फ्रंट डेस्कवर बसले, टॉवेलच्या घड्या घातल्या, आणि रात्री दोनला चावी हरवलेल्या ट्रकवाल्याला चहा दिला. समोरची म्हणाली, ‘सो क्यूट!’ चिमणीने हे मला बाहेर येऊन सांगितलं आणि विचारलं, ‘ते चांगलं म्हणाली का?’ मला ती तिथेच आवडली. तिला टॉवेलचा हंस करता येतो. माझ्या पोत्यातल्या नॅपकिनचा तिने फुटपाथवर उभ्या उभ्या करून दाखवला, चोचीसकट.

बाबांना मी हे सगळं सांगायला गेले, तर ते म्हणाले, ‘कमला हॅरिसपण होती ना एका सोरॉरिटीत? मग वाईट काय?’ त्यांना समजावता समजावता दमले, की ती अल्फा काप्पा अल्फा. काळ्या विद्यार्थिनींनी 1908 साली हॉवर्ड विद्यापीठात स्वतः उभी केलेली, आणि त्यांची घेण्याची रीतच निराळी आहे, हा टाळ्यांचा आठवडा त्यांच्यात नसतो. आमच्या या जुन्या घरांची शिखर संस्था 1902 ची, आणि त्यांनी दारं कोणाला उघडली, कधी उघडली, हा मोठा विषय आहे. शेजारच्या अलाबामात 2013 साली विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने छापलं की आतल्या मुली तयार असताना माजी सदस्य बायकांनी एका काळ्या मुलीला अडवलं. 2013! आपण तेव्हा पाढे पाठ करत होतो. देशी मुलींच्या वेगळ्या सोरॉरिटी आहेतच, 1998 मध्ये टेक्सासात सुरू झाल्या. आई मला पहिल्यापासून सांगत होती, तिकडे जा, निदान वरणभात तरी मिळेल. मी गेले नाही. का ते तुला माहीत आहे: मला ‘आपल्या’ लोकांत जाऊन पुन्हा तीच शाळा नको होती. आणि या घराने माझं काही वाईट केलं नाही गं. आजी गेली तेव्हा पहाटे तीनला दोघी जणी मला विमानतळावर सोडायला आल्या, एकीने तर माझी बॅगही भरली. त्यात तिने चार स्वेटर घातले, मे महिन्यात पुण्याला जाताना, पण भरली.

तर चिमणी. तिचा जीव एका घरात अडकला. कुठल्या, ते तुला कळलंच असेल. रोज संध्याकाळी ती माझ्या बाजूला पायरीवर बसून माझ्याच घराचं कौतुक मला सांगायची: तिथल्या मुली खऱ्या वाटतात, तिथे कोणी तरी ढोकळ्याबद्दल विचारलं, जिन्यात लावलेले फोटो किती छान आहेत. त्यातल्या एका फोटोत मी आहे, ठमे! घारीचे पंख लावलेली, अर्धा चेहरा झाकलेला. मी नुसती ‘हं, हं’ करत पाणी पीत होते.

आता इथे एक बारकावा आहे. दर रात्री कुठल्या घराने किती जणींना परत बोलवायचं, तो आकडा बाहेरून बसवून देतात. मागच्या वर्षांत त्या घराकडे किती मुली परतल्या यावरून. मागणी असलेल्या घराला पहिल्या फेऱ्यांतच जास्त मुली कापाव्या लागतात, म्हणजे कोणी शेवटपर्यंत खोट्या आशेवर राहू नये. त्यामुळे चिमणी शेवटच्या दिवसापर्यंत आमच्याकडे टिकली याचा अर्थ नाव यादीत होतं. यादीत किती खाली, ते मला माहीत नव्हतं. पण घर माहीत होतं. आमच्या घरात ‘स्वीट’ म्हणजे काय ते माहीत होतं. ज्या मुलीबद्दल कोणालाच काही आठवत नाही तिला ‘स्वीट’ म्हणतात.

शेवटच्या दिवशी दोन घरं. मेणबत्त्या, पांढरे कपडे, कुजबुज, रडारड. तिथून निघाल्या की मुली सरळ एका हॉलमध्ये येतात आणि फोनवर आपला क्रम लावून करारावर सही करतात. त्या करारात वर्षभराचा अडकाव असतो: यादीतल्या घराने बोलावलं आणि तू नाही म्हणालीस, तर पुढच्या रशपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही. दोन्ही घरं लिहिली तर कुठे ना कुठे जागा मिळायची शक्यता पुष्कळ. एकच लिहिलं तर जुगार. हे मला सांगता येतं, आणि मी सांगितलं, तीनदा सांगितलं, कारण तेवढंच सांगायची मुभा होती. चिमणी म्हणाली, ‘तू माझ्या जागी असतीस तर?’ यावर आम्हाला पाठ करून घेतलेलं उत्तर आहे: मी तुझ्या जागी नाही, तुझं मन काय म्हणतं? मी ते उत्तर दिलं. तिने एकच घर लिहिलं. फोनने विचारलं, नक्की का? तिने हो दाबलं आणि माझ्याकडे बघून हसली, गणिताचा पेपर सोपा गेल्यासारखी.

सकाळी सातला ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना फोन करायचं काम रो गॅमाचं असतं, बोलावण्याची पाकिटं वाटायच्या आधी, म्हणजे चारचौघांत शोभा नको. मी फोन केला. ती म्हणाली, ‘ओके. थँक यू फॉर कॉलिंग.’ मोटेलवाल्याची मुलगी, फोनवर कधी उद्धट होणार नाही. मग दुपारी मैदानात आम्ही रो गॅमा वरचा शर्ट काढून आतला दाखवतो, आपलं घर जाहीर करतो, किंकाळ्या, फोटो. चिमणी तिथे नव्हतीच. तिला ते इन्स्टावर दिसलं. तिचा मेसेज आला: ‘ओह. ते घर तुझं होतं.’ पुढे एक हंस. मला अजून कळलेलं नाही तो हंस चांगल्या अर्थाने होता की कसा.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुला पत्र लिहिलं नसतं, आईसक्रीम खाल्लं असतं. पण रशनंतर एका घरात एकूण किती मुली असाव्यात तो आकडा नव्याने ठरतो, आणि आमच्याकडे दोन जागा निघाल्या. अशा जागा वर्षभरात कधीही भरता येतात, साध्या बोलावण्याने, ना टाळ्या ना मेणबत्त्या. चिमणीला कुठलंच बोलावणं आलं नव्हतं, म्हणून तिच्यावर अडकावही नाही. गुरुवारी आमची अध्यक्षीण माझ्या खोलीत येऊन म्हणाली, ‘तुझ्या गटात ती एक स्वीट मुलगी होती ना? बोलावू या का? तू विचार तिला.’

आणि मला एकदम आपल्या शाळेचं मैदान दिसलं.

ठमे, सातवीत बाईंनी तुला लेझमीतून काढलं, कारण जोड्या एका उंचीच्या हव्या होत्या आणि तुझ्या उंचीची कोणी नव्हती. मी राहिले, कारण उंटीण. मग ती कोण, डावीकडची, तापाने पडली, आणि बाईंनी मला विचारलं, कोणाला घेऊ? मी तुझं नाव सांगितलं. मला वाटलं मी केवढं मोठं काम केलं. तू आलीस, मिरवणुकीत अलका चौकापर्यंत शेवटच्या रांगेत चेहऱ्यावरची माशी न हलवता खेळलीस, एक ठोका चुकला नाहीस, आणि दुसऱ्या दिवसापासून दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. दिवाळीत बोललीस ते एवढंच, ‘माझा फराळाचा डबा परत दे.’ पुढे दहावीला एकदा भांडताना म्हणाली होतीस, ‘मला तू भरतीला घेतलंस.’ मी उलट काहीतरी लागट बोलले, तेही तुला आठवत असेल, ते परत लिहीत नाही.

तर प्रश्न हा आहे. मी चिमणीला विचारलं तर ती हो म्हणेल. घराला नाही, मला. मग तीन वर्षं ती त्या जिन्यातून चढेल-उतरेल आणि तिला ठाऊक असेल की सत्तर जणींनी आठवडाभर तिच्याशी गप्पा मारल्या आणि एकीलाही टॉवेलचा हंस आठवला नाही. शिवाय वर्गणी. माझी बाबांच्या कपाळावर आठ्या पाडते. तिच्या घरी ते पैसे किती खोल्यांच्या किती रात्रींचे, हे ती मनात मोजणार. आणि नाही विचारलं, तर तिच्या वतीने ठरवणारी मी कोण? आधी सत्तर जणींनी ठरवलं, आता एकाहत्तरावी मी. आई म्हणेल दोन्ही बाजू तिला सांग आणि मोकळी हो. पण ‘तू कोणाला आठवली नाहीस’ हे एखाद्या अठरा वर्षांच्या पोरीला कॉफी पिता पिता कसं सांगतात? आणि आम्हाला तर मतदानाबद्दल बाहेर बोलायलाच बंदी. माझा एक विचार असाही आहे की तिला सरळ त्या देशी मुलींकडे घेऊन जावं. मग वाटतं, म्हणजे मीसुद्धा तिला ‘तुमचं तिकडे’ असंच म्हणतेय. तिला ढोकळ्याबद्दल विचारणारीही मग माझ्यापेक्षा बरी.

तू शेवटच्या रांगेत होतीस. तूच सांग. मी तेव्हा तुझं नाव घ्यायला नको होतं का? की घ्यायला हवं होतं, पण आधी तुला येऊन विचारायला हवं होतं? की तुझा राग बाईंवर होता आणि मी आयती सापडले? मला इतक्या वर्षांत विचारायचा धीर झाला नाही, आणि तूही कधी विषय काढला नाहीस; काढलास तो भांडणात, भांडणातलं तुझं काही खरं धरायचं नसतं. (तो फराळाचा डबा मी परत दिला होता. तुझ्या आईकडे दिला होता. विचार काकूंना.)

तुझं सीएचं इंटर कधी आहे, दुसरा ग्रुप? या वेळी कॉस्टिंग सोडू नकोस ऐनवेळी. ऑफिसातला तो बॉस अजून शनिवारी बोलावतो का? आणि बंडूशी लग्न करणार असशील तर मला आधी कळव, तिकिटं महाग असतात. करणार नसशील तर त्यालाही कळव. गणपतीत अलकाला गेली होतीस का? मी फोनवर पाहिली मिरवणूक, आवाज बंद करून, कारण रूममेटचा क्विझ होता.

बुधवारी पाचला चिमणी भेटायला येणार आहे, म्हणजे तुझ्याकडे रात्री अडीच. त्याच्या आत लिही. व्हॉइस नोट चालणार नाही, तू दोन मिनिटांत बंडूवर घसरतेस. चार ओळी चालतील, शिव्या चालतील, पण लेझमीबद्दल लिही.

तुझी,
उंटीण

ता. क. काकूंना भाजणीचं विचार. अर्धा किलो पुरे, कस्टमवाले पाव किलो उडवतात हे धरून.