बाबांच्या बोटांतल्या झिणझिण्या

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तळहातावर टिचकी मारली की बोटांपर्यंत झिणझिण्या जातात म्हणून तुम्ही धास्तावलात, असं आई म्हणाली. मला मात्र ते ऐकून फार आनंद झाला. टिचकी जिथे लागते, तिथवर कापलेल्या नसेचे नवे तंतू पोचलेत. कोवळे असल्यामुळे ते जरा डिवचले तरी चेततात. डॉक्टर याला टिनेलची खूण म्हणतात, आणि ती मनगटाच्या टाक्यांपासून पुढे सरकते आहे.

स्पर्श कळवणारा तंतू ज्या पेशीतून निघतो, ती त्याची मूळ पेशी हातात नसते. ती मानेत, मणक्यालगतच्या गाठीत असते. तुमची ती शाबूत आहे. नस कापली की टाक्यांपुढचा तंतू मरतो, पण त्याला वेढून असलेल्या श्वॉन पेशी जगतात. त्या मोडतोड साफ करायला हात लावतात, रांग धरून नव्या तंतूला वाट देतात आणि ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं सोडतात. वाढतं टोक ती टिपून घेतं आणि त्यांचा निरोप तंतूतून उलटा मूळ पेशीपर्यंत जातो. वेग मात्र दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत 18 सेंटिमीटर धरा, म्हणजे सहा महिने सहज. तेव्हा उशीर होतोय असं समजू नका.

यातला पहिला घटक, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, रिटा लेव्ही-माँटाल्चिनी यांनी शोधला. 1938 च्या वंशभेदी कायद्यांमुळे इटलीत त्यांचं काम बंद पडलं, तेव्हा त्यांनी घरी झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम चालू ठेवलं. पुढे 1952 मध्ये रिओ द जानेरोत त्यांनी तशाच गर्भातली चेतापेशींची गाठ उंदराच्या ट्यूमरच्या तुकड्याशेजारी वाढवली. गाठीतून चहूबाजूंनी सूर्यकिरणांसारखे तंतू फुटले. स्टॅन्ली कोहेन यांनी ते प्रथिन वेगळं काढलं आणि 1986 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या खोलीतल्या बाईंबद्दल मला अपार आदर वाटतो.

आई, मग त्याचं इंजेक्शन का देत नाहीत, असं तू विचारलंस. मधुमेहाने नसा बिघडलेल्या रुग्णांवर ते करून पाहिलं होतं. सुरुवातीला आशा वाटली, पण मोठ्या चाचणीत गुण आला नाही, शिवाय टोचल्या जागी दुखायचं. हा घटक वेदनेचे तंतूही तिखट करतो. डोळ्याच्या बुबुळावरच्या नसांच्या एका आजारासाठी मात्र त्याचे थेंब निघाले; अमेरिकेत त्यांना 2018 मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे तो हव्या त्या जागी, बेताने पोचावा लागतो, आणि बाबांच्या हातात श्वॉन पेशी तेच करताहेत. म्हणून ‘नसा वाढवणाऱ्या’ गोळ्या जाहिराती पाहून आणू नका.

बाबा, बधिर बोटांना चटका कळत नाही, तेव्हा गरम भांडं उजव्या हाताने धरू नका. संवेदना परतू लागली की कापूस, खडबडीत कापड, नाणं आधी बघून आणि मग डोळे मिटून चाचपायचं. परतलेले तंतू थोडे वेगळ्या जागी जोडले जातात, त्यामुळे मेंदूला बोटं नव्याने ओळखावी लागतात. आई, वस्तू तू हातात दे आणि त्यांना ओळखू दे. थेरपिस्ट सांगतील तितका वेळ, रोज.

तुमची,
ताई